ऑक्टोबर-नोव्हेंबरातली हरिकेन्स जन्मतात कुठे? आफ्रिकेकडे बघत बसू नका

टँपाकर

मंडळी, दर वर्षी दसऱ्याच्या आसपास आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, "आफ्रिकेकडून आता काही येत नाहीये, सीझन आटोपला, खिडक्यांवर ठोकायचं प्लायवूड गॅरेजमध्ये टाका." यातला पहिला भाग बरोबर, बाकीचा साफ चूक. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून इथे धागा काढतोय, पुढच्या वेळी नुसती लिंक फेकता येईल.

अटलांटिकचा अधिकृत सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ऐन भर १० सप्टेंबरच्या आसपास. ऑगस्ट-सप्टेंबरात मोठी वादळं बरीचशी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सुटणाऱ्या हवेच्या लाटांमधून तयार होतात, केप व्हर्दे बेटांच्या बाजूला, आणि मग अख्खा महासागर ओलांडत इकडे येतात. २०१७ची इर्मा घ्या, ३० ऑगस्टला तिकडे नाव मिळालं आणि फ्लोरिडा कीजवर आली १० सप्टेंबरला. तेवढ्या दिवसांत लोकांनी पाणी भरलं, दुकानं रिकामी केली, नातेवाइकांशी भांडून झालं, अटलांटाला जाऊन परतपण आले काही जण.

ऑक्टोबर लागला की तिकडचा माल बंद. लाटा कमजोर होतात, आणि वरच्या थरातले पश्चिमेचे वारे दक्षिणेकडे सरकायला लागतात त्यामुळे मध्य आणि पूर्व अटलांटिकमध्ये विंड शिअर वाढतो, म्हणजे खालचं वारं एकीकडे ओढतंय आणि वरचं दुसरीकडे, वादळ उभंच राहू शकत नाही. पण म्हणून वादळं थांबत नाहीत, त्यांची जन्माची जागा सरकते. पहिली जागा पश्चिम कॅरिबियन, म्हणजे जमैका, केमन बेटं, क्यूबा, युकातान आणि होंडुरास-निकाराग्वा यांच्या मधलं पाणी. त्याच्या खालोखाल मेक्सिकोचं आखात. आणि तिसरी जागा वर बहामाज-बर्म्युडाच्या बाजूचा अटलांटिक.

आता गोची अशी की इथे जन्मलेलं वादळ जन्मतःच दाराशी असतं. २०१८ला मायकेल ७ ऑक्टोबरच्या सुमारास युकातानजवळ धड वादळपण नव्हतं, १० तारखेला दुपारी फ्लोरिडातल्या मेक्सिको बीचवर श्रेणी ५ (पाचातली सगळ्यात वरची), वारं ताशी १६० मैल. २०२४चा मिल्टन ५ ऑक्टोबरला आखाताच्या पश्चिम भागात तयार झाला आणि ९ला रात्री फ्लोरिडातल्याच सिएस्टा कीवर आदळला. इर्माने दिलेल्या वेळेच्या निम्मापण वेळ नाही हो. माझं म्हणणं एवढंच आहे, ऑक्टोबरपासून नकाशावर आफ्रिकेकडे बघणं सोडा आणि मध्य अमेरिकेच्या कुशीत बघा.

चकलीवाली

धागा काढल्याबद्दल धन्यवाद! आम्ही गेल्या वर्षीच ऑरलँडोला शिफ्ट झालोय, आम्हाला रिअल्टरने सांगितलेलं की ऑगस्ट-सप्टेंबर सांभाळा, मग काय निवांत. आता भीती वाटायला लागली. पण एक कळलं नाही, तो एवढासा कॅरिबियनचा कोपरा, तिथेच का? पाणी तर सगळीकडेच गरम असतं ना.

निम्बस

चकलीवाली, प्रश्न चांगला आहे, जरा पसरट उत्तर देतो.

एक म्हणजे पाणी. नुसतं वरवरचं तापमान बघून भागत नाही. वादळ समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर आणतं आणि स्वतःचंच इंधन तोडतं, बहुतेक ठिकाणी असं होतं. पश्चिम कॅरिबियनमध्ये मात्र उन्हाळाभर साठलेलं गरम पाणी खोलवर गेलेलं असतं, शंभर मीटर आणि त्याहून खालीसुद्धा २६ अंशांच्या वर. कितीही घुसळा, वर गरमच येतं. वादळाला साधारण साडेसव्वीस अंश लागतं, इथे ऑक्टोबरात २८-२९ असतं. हेच पाणी पुढे युकातानच्या चॅनलमधून आखातात वाहत जातं, त्याला लूप करंट म्हणतात, म्हणून आखातातपण वादळांना वाटेत जेवण मिळत राहतं.

दुसरं, वारं. जुलैत कॅरिबियनमध्ये खालच्या थरात पूर्वेचं जोरदार वारं असतं, इतकं की वादळाचं खालचं अंग पुढे पळतं आणि वरचं मागे राहतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे वारं मंदावतं. आणि पश्चिमेचे वरचे वारे अजून एवढे खाली उतरलेले नसतात. त्या कोपऱ्यासाठी ही मधली सवड असते.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. सेंट्रल अमेरिकन जायर म्हणून एक प्रकार असतो. मध्य अमेरिकेभोवती हजारएक किलोमीटरचं एक मोठं, ढिलं, आळशी कमी दाबाचं चक्र बसतं, पॅसिफिककडून येणारी दमट हवा आणि कॅरिबियनकडून येणारी हवा दोन्ही त्यात फिरत राहतात. मे-जूनमध्ये दिसतं आणि मग पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर. ते स्वतः वादळ नसतं. पण त्याच्या पोटात कुठेतरी एखादा छोटा भोवरा घट्ट होतो आणि तोच पुढे नाव मिळवतो. मायकेल असाच. आता त्या एवढ्या मोठ्या चक्रात भोवरा नेमका कुठे धरेल, होंडुरासच्या वर, युकातानच्या या बाजूला की त्या, की चक्क पलीकडे पॅसिफिकमध्ये, हे आधी सांगणं फार कठीण. म्हणून मायामीच्या हरिकेन सेंटरच्या नकाशावर या दिवसांत पश्चिम कॅरिबियनवर असा मोठा ऐसपैस पिवळा डाग दिसतो आणि चार-चार दिवस तसाच राहतो. लोक म्हणतात यांना काही कळत नाही. अहो, वादळाचा मध्यच जन्मला नाही तर मार्ग कशाचा काढणार ते?

शंकासूर

हे सगळं ठीक आहे पण मला एक सांगा, ऑक्टोबर-नोव्हेंबरची वादळं हे आत्ताआत्ताचं फॅड आहे का? कारण हल्ली दर ऑक्टोबरात यूट्यूबवर कुणीतरी लालजांभळा नकाशा दाखवून ओरडत असतं "मॉन्स्टर येतोय". दहापैकी नऊ वेळा काही येत नाही. माझा एक चुलतभाऊ तर ते बघून दोनदा जनरेटरचं पेट्रोल भरून बसला, शेवटी लॉनमोवरला वापरलं.

निम्बस

शंकासूर, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र बांधू नका.

यूट्यूबवाल्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. अमेरिकेचं जीएफएस नावाचं हवामान अंदाजाचं मॉडेल या बाबतीत बदनामच आहे, सीझनच्या शेवटी दहा-बारा-चौदा दिवस पुढच्या चित्रात पश्चिम कॅरिबियनमध्ये हमखास एक हरिकेन काढून ठेवतं, आणि दर सहा तासांनी नवीन रन (नवीन गणित) आला की ते वादळ तसंच चौदा दिवस पुढेच! जवळ येतच नाही. त्या जायरमधल्या पावसाचा ते मॉडेल जरा जास्तच अर्थ काढतं. युरोपियन मॉडेल अशा वेळी गप्प असेल तर झोपा खुशाल. बघायचं ते हरिकेन सेंटरचं सात दिवसांचं चित्र, पिवळा म्हणजे शक्यता ४० टक्क्यांच्या खाली, केशरी ४० ते ६०, लाल त्याच्या वर. आणि तारीख पुढे पुढे न सरकता जवळ येतेय का ते बघा. तेवढं पुरे.

पण फॅड नाही. क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावर सांता क्रूझ देल सूर नावाचं गाव आहे, ९ नोव्हेंबर १९३२ला वादळाच्या उधाणाने ते जवळजवळ धुऊन गेलं, एकूण तीन हजारांच्या आसपास माणसं गेली. नोव्हेंबर हं, १९३२. २००८ला पलोमा हरिकेन ८ नोव्हेंबरला त्याच गावाजवळ जमिनीवर आलं. या वेळी लोकांना आधीच हलवलं होतं. १९६१ला हॅटी ३१ ऑक्टोबरला बेलीझ सिटीवर आली, तेव्हा ब्रिटिश होंडुरास होतं ते, आणि एवढी नासधूस केली की त्यांनी राजधानीच किनाऱ्यापासून आत नेली, बेलमोपान हे शहर त्यासाठी नव्याने वसवलं. कॅरिबियनमध्ये जुनं बडबडगीत आहे इंग्रजीतलं, जून टू सून पासून सुरू होतं आणि ऑक्टोबर ऑल ओव्हर वर संपतं. ते पूर्वेच्या छोट्या बेटांना बऱ्यापैकी लागू पडतं. जमैका-क्यूबा-होंडुरासवाल्यांनी ते म्हणू नये.

ह्यूस्टनची सून

आमच्या सासूबाई म्हणतात पहिला थंड वारा आला की टेक्सासचं हरिकेन संपलं. खरं का हो? कारण त्या ३० वर्षं इथे आहेत आणि त्यांचं बहुतेक सगळं खरंच निघतं (हे त्यांना दाखवणार नाहीये).

टँपाकर

@ह्यूस्टनची सून, सासूबाईंना नमस्कार सांगा, बऱ्यापैकी खरं आहे ते. ऑक्टोबरात उत्तरेकडून थंड हवेचे पट्टे यायला लागले की ते टेक्सासवरून खाली आखातात उतरतात, हवा कोरडी होते आणि वरचे वारे वादळाला ईशान्येकडे ढकलतात. म्हणजे तुमच्याकडे येणारं वादळ वळून आमच्याकडे पाठवलं जातं, कृपा तुमची. १९८९चं जेरी १६ ऑक्टोबरला गॅल्व्हस्टनला आलं होतं, टेक्सासच्या मानाने ते फार म्हणजे फारच उशिराचं धरतात. लुइझियाना मात्र इतक्या लवकर सुटत नाही, २०२०ला ९ ऑक्टोबरला डेल्टा आणि २८ ऑक्टोबरला झीटा, दोन्ही तिथेच. आणि ऑक्टोबरात अमेरिकेच्या किनाऱ्यावर जी हरिकेन्स आली त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या फ्लोरिडात, कारण कॅरिबियनमधून कुणी उत्तरेला किंवा ईशान्येला निघालं की वाटेत आम्हीच आडवे पडलेलो.

एडिसनचे काका

फ्लोरिडाच कशाला, आम्ही न्यू जर्सीवाले विसरलो नाहीये. सँडीचा जन्म कुठला? जमैकाच्या दक्षिणेला, २२ ऑक्टोबर २०१२. आठवड्यात, २९ ला, अटलांटिक सिटीजवळ आमच्या दारात. आम्ही तोपर्यंत हरिकेन म्हणजे फ्लोरिडाच्या लोकांचा विषय असं समजून होतो. एरवी ती वादळं उत्तरेला आली की उजवीकडे समुद्रात निघून जातात, पण त्या वेळी ग्रीनलँडच्या बाजूला उच्च दाब असा काही ठाण मांडून बसला होता की बाईने चक्क डावीकडे वळण घेतलं. त्यात पौर्णिमेची भरती. मॅनहॅटनच्या टोकाला बॅटरीला पाणी १४ फुटांच्या आसपास, सबवेच्या बोगद्यांत समुद्र.

आमच्याकडे लाइट नाही, हीट नाही आणि थंडी सुरू झालेली. पेट्रोलला तर गव्हर्नरने सम-विषम केलं, गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम असेल तर सम तारखेला. त्या रांगेत माझ्या पुढे एक गुजराती कुटुंब, मागे आमच्या लेझीम पथकातला एक मुलगा, तिघांनी मिळून एकमेकांचे कॅन धरले, आणि त्या रांगेत ओळख झालेल्या बाईंकडूनच पुढे आमच्या मुलीचं स्थळ आलं, पण ते अवांतर.

चकलीवाली

काका, ते अवांतर जरा सविस्तर लिहा ना 😀

शंकासूर

+१ धाग्याचं सार्थक झालं.

बावटा_तीन

मी रत्नागिरीचा, मच्छीमार कुटुंबातला. तुमचं अटलांटिकचं वाचून गंमत वाटली, आमच्याकडे पण असंच की हो, पाऊस गेला की लोक म्हणतात आता समुद्र शांत, नारळ टाकून झाला, बोटी बाहेर काढल्या, आणि नेमकं दिवाळीच्या मागेपुढे येतं. २००९चं फयान, ११ नोव्हेंबर. दिवाळी होऊन गेलेली. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं पण या दिवसांत असं आभाळ येतं कधीकधी म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दुपारपर्यंत वारं असं फिरलं की बंदरात बांधलेल्या बोटी एकमेकींवर आपटून फुटत होत्या. खोल समुद्रात गेलेल्यांना निरोप पोचेपर्यंत उशीर झालेला, तेव्हा सगळ्या बोटींवर वायरलेस कुठे होतं, आणि बंदरावर बावटा लागला तरी तो पन्नास मैल आतल्या तांडेलाला कसा दिसणार? कितीतरी खलाशी परत आलेच नाहीत. आमच्या आळीतलापण एक. नुकसानभरपाईसाठी त्याच्या बायकोने किती खेटे घातले ते विचारू नका.

तर प्रश्न हा की आमच्याकडचं आणि तिकडचं कारण एकच का?

निम्बस

बावटा_तीन, वाचून वाईट वाटलं.

कारण थोडं सारखं, थोडं उलटं. अटलांटिकमध्ये वर्षाला एकच डोंगर असतो, सप्टेंबरात शिखर. आपल्याकडे दोन उंचवटे, एक पावसाच्या आधी मे-जूनमध्ये (२०२०चं निसर्ग ३ जूनला, २०२१चं तौक्ते मेमध्ये) आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या जुलै-ऑगस्टात आपला समुद्र कितीही खवळलेला दिसला तरी खरी चक्रीवादळं जवळजवळ नसतात, कारण मोसमी पावसात खाली नैर्ऋत्येचं वारं आणि वर पूर्वेचं जोरदार जेट, म्हणजे शिअर भरपूर. पाऊस परतला की शिअर उतरतो, कमी दाबाचा पट्टा दक्षिणेला सरकतो आणि मग अंदमान, दक्षिण बंगालचा उपसागर, लक्षद्वीप, कोमोरीन (कन्याकुमारीच्या खालचा समुद्र) या भागात बीज पडतं. फयान तसंच, श्रीलंकेच्या खालून सुरू होऊन लक्षद्वीपच्या बाजूने वर आलं. २०१९ला तर अरबी समुद्रात क्यार आणि महा एकाच वेळी होती. आणि बंगालच्या उपसागरातलं ओडिशाचं सुपर सायक्लोन, २९ ऑक्टोबर १९९९, ते तर सगळ्यांना आठवत असेल.

म्हणजे साम्य एवढं की सीझनच्या शेवटी जन्माची जागा विषुववृत्ताकडे आणि जमिनींनी वेढलेल्या गरम कोपऱ्याकडे सरकते. फरक हा की त्यांच्याकडे ही उतरती कळा असते आणि आपल्याकडे, निदान बंगालच्या उपसागरात, ऐन भर.

भटक्या_जीव

मधेच घुसतोय. आम्ही चार मित्र फॅमिलीसकट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॅन्कूनला जायचं ठरवलंय, रिसॉर्ट एकदम स्वस्त मिळतंय. हा धागा वाचून बायकोने मला लिंक पाठवली आणि पुढे नुसता प्रश्नचिन्ह. काय करू?

टँपाकर

स्वस्त का मिळतंय ते कळलं ना आता? 😀

सीरियसली, ऑक्टोबरात जात असतात तर मी नको म्हटलं असतं. २०२०च्या एका ऑक्टोबरात त्याच किनाऱ्यावर ७ तारखेला डेल्टा आणि २६ला झीटा. आणि विल्मा तर विचारूच नका.

निम्बस

विल्माचं मीच सांगतो, माझा आवडता (चुकीचा शब्द, पण असो) विषय. ऑक्टोबर २००५, जमैकाच्या नैर्ऋत्येला एक मोठं सुस्त कमी दाबाचं क्षेत्र बरेच दिवस लोळत पडलेलं. मग एका दिवसाच्या आत साध्या ट्रॉपिकल स्टॉर्मवरून (हरिकेनच्या खालची पायरी) थेट श्रेणी ५. १९ तारखेला दाब ८८२ मिलिबार, अटलांटिकमध्ये आजवर नोंदलेला सगळ्यात कमी. वारं ताशी १८५ मैल आणि डोळा केवढा, तर जेमतेम चार किलोमीटरचा. टाचणीने टोचल्यासारखा दिसतो सॅटेलाइटमध्ये. मग ते पुढे जाऊन कोझुमेल-कॅन्कूनवर बसलं आणि हलेना, कारण वर ढकलणारं वारंच नव्हतं. कॅन्कूनसमोरच्या इस्ला मुहेरेस बेटावर २४ तासांत दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. मुंबईकरांनो, त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ पडला होता, त्याच्यावरून काय ते समजा. मग उत्तरेकडून एक थंड हवेचा पट्टा आला, त्याने याला उचललं आणि असं काही पळवलं की २४ तारखेला फ्लोरिडा काही तासांत आरपार.

हा पॅटर्न नीट बघा, उशिराच्या वादळांचा हाच स्वभाव. आधी रेंगाळतात, मग एकदम सुसाट. रेंगाळण्यातच जास्त मरण असतं. १९९८चा मिच समुद्रात असताना श्रेणी ५ होता, होंडुरासच्या किनाऱ्यावर येईपर्यंत वारं बरंच उतरलं, पण तिथे जो अडकला तो अडकलाच, दिवसचे दिवस डोंगरांवर पाऊस. निकाराग्वात कासिता ज्वालामुखीचा उतार खाली आला आणि वस्त्या गाडल्या गेल्या. एकूण अकरा हजारांच्या वर माणसं गेली. त्यातली वाऱ्याने फार थोडी, बाकी पाणी आणि चिखल. माळीण आठवतंय ना, तसं, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. २०२४च्या नोव्हेंबरात सारा म्हणून नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म होतं, हरिकेनपण झालं नाही, तेही होंडुरासच्या किनाऱ्यालगत असंच घुटमळलं आणि पुराने हाल केले. आपण श्रेणी बघतो आणि "चला, एकचंच आहे" म्हणतो, डोंगराळ देशात श्रेणीला फारसा अर्थ नसतो.

ह्यूस्टनची सून

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी होंडुरासच्या आहेत, त्यांच्या गावात आजही "मिचच्या आधी" आणि "मिचच्या नंतर" असं वय सांगतात म्हणे.

शंकासूर

बरं मान्य, ऑक्टोबर धोक्याचा. पण नोव्हेंबर? ते तर अपवादच ना?

टँपाकर

कमी होतात हे खरं. पण २०२०च्या नोव्हेंबरात निकाराग्वाला विचारा. ३ तारखेला ईटा, श्रेणी ४, प्वेर्तो काबेसासजवळ. लोक अजून शाळांमध्ये, चर्चमध्ये राहतायत तोवर १६ तारखेला आयोटा, तेही श्रेणी ४, जवळजवळ त्याच जागी, पंचवीस-एक किलोमीटर खाली. वाटेत कोलंबियाचं प्रोव्हिडेन्सिया बेट, तिथे एक घर धड राहिलं नाही. ला निना (पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा गार) होतं त्या वर्षी, कॅरिबियनमध्ये शिअर कमी. एल निनोच्या वर्षी उलटं, तेव्हा तिकडे वरचं वारं वाढतं आणि शेवटचे महिने बऱ्याचदा फुसके जातात. म्हणजे सीझनच्या शेवटाबद्दल काही अंदाज बांधायचा असेल तर आधी ते बघायचं.

२०२२ला लिसा, मार्टिन, निकोल अशी तीन-तीन हरिकेन्स एकट्या नोव्हेंबरात. लिसा बेलीझला, निकोल १० नोव्हेंबरला फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर व्हेरो बीचजवळ. मार्टिन मात्र पार वर उत्तर अटलांटिकमध्ये, जहाजांशिवाय कुणाला त्रास नाही. ही जी मी पहिल्या पोस्टमध्ये तिसरी जागा म्हटलं ना, ती ही. तिथे समुद्र एवढा गरम नसतो, पण थंड हवेचा पट्टा येऊन विरतो, त्याचं शेपूट मागे राहतं, वरची हवा थंडगार असल्यामुळे पाणी आणि हवेतला फरक वाढतो आणि त्यातून अर्धंमुर्धं उपोष्ण वादळ तयार होतं, मग कधी हळूहळू खरं होतं. डिसेंबरात काही झालंच तर बहुतेक तिकडेच होतं. २००५चं शेवटचं झीटा तर ३० डिसेंबरला तयार झालं आणि नवीन वर्षात जाऊन संपलं, हरिकेन सेंटरवाल्यांनी न्यू इयर ऑफिसातच केलं असणार.

निम्बस

नोव्हेंबरात अजून एक विचित्र, १९९९चं लेनी. कॅरिबियनच्या पश्चिमेला जन्मलं आणि पूर्वेला चालायला लागलं! अख्ख्या कॅरिबियनमधून उलटं. १७ नोव्हेंबरला सेंट क्रॉइक्सजवळ श्रेणी ४. आता त्या छोट्या बेटांची सगळी बंदरं, हॉटेलं, जेट्टी पश्चिम बाजूला, कारण वारं आणि लाटा कायम पूर्वेकडून, पश्चिम म्हणजे आडोसा. लेनीच्या लाटा पश्चिमेकडून आल्या. वादळ शेकडो मैल लांब असलेल्या बेटांवरपण आडोशाची बाजूच फुटली.

बावटा_तीन

हे मात्र कळलं लगेच. आमच्याकडे बोट लावायची जागा वारं बघून ठरते, वारं फिरलं की तीच जागा वैरी.

चकलीवाली

मिल्टनच्या वेळी तिथे असणाऱ्यांनी सांगा ना कसं होतं. आम्ही तेव्हा कॅलिफोर्नियात होतो.

टँपाकर

नवरात्र चालू होतं. शनिवारी भोंडल्याचा कार्यक्रम, हॉल बुक, खिरापतीची यादी फायनल. दोनच आठवड्यांपूर्वी हेलीन हरिकेनचं उधाण येऊन गेलेलं, खाडीकडच्या रस्त्यांवर लोकांचे भिजलेले सोफे, गाद्या, ड्रायवॉलचे ढीग फुटपाथवर तसेच पडलेले, आणि आता वारं आलं तर हेच सगळं उडून खिडकीतून आत येणार याची भीती जास्त. सोमवारी मिल्टन ताशी १८० मैल झाला. आमचा झोन ए, म्हणजे घर सोडायला सगळ्यात आधी सांगतात तो, निघालोच. आय-४ हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने, पंपांवर पेट्रोल नाही. गाडीत देवीचा टाक, घटाचं परडं तसंच मांडीवर घेऊन बायको बसलेली, धान उगवलेलं, ते मागे कसं ठेवणार.

शेवटी ते आमच्या दक्षिणेला सिएस्टा कीला आलं, श्रेणी ३ होऊन, त्यामुळे टँपा बेमध्ये पाणी चढायच्या ऐवजी उलट ओसरलं. वादळाच्या डावीकडे असलो की वारं जमिनीकडून समुद्राकडे. तीसचाळीस मैल वर आलं असतं तर आमचं घर पाण्यात. सेंट पीटर्सबर्गला मात्र १८ इंचांच्या वर पाऊस आणि स्टेडियमचं छत फाटून चिंध्या. आणि विचित्र म्हणजे जी माणसं गेली त्यातली बरीच लांब पूर्व किनाऱ्यावर, जिथे कुणी पळून जायचा विचारपण केला नव्हता, तिथे वादळ यायच्या आधीच टोर्नेडो आले, राज्यभर मिळून चाळीसहून जास्त.

भोंडला नंतर कोजागिरीला केला एकत्रच. विमा कंपनीने छताचे पैसे द्यायला जे काही नाचवलं त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

एडिसनचे काका

काढा. मी पहिली कमेंट टाकतो.

शंकासूर

बरं एक शेवटचं, सगळी आडदांड वादळं मेक्सिको आणि फ्लोरिडाचीच सांगताय. जमैका?

निम्बस

मेलिसा, २०२५. हिची गोष्ट जरा वेगळी, बीज आफ्रिकेकडच्या लाटेचंच, पण ती लाट अख्खा अटलांटिक काही न करता ओलांडून आली आणि कॅरिबियनमध्ये पोचल्यावर पेटली. म्हणून मी म्हणतो की बीज कुठलं याला उशिराच्या सीझनमध्ये फार किंमत नाही, रुजतं कुठे ते बघा. जमैकाच्या खाली कितीतरी दिवस रेंगाळली, तीच ती ढकलणाऱ्या वाऱ्याची बोंब, आणि खालून खोल गरम पाणी. २८ ऑक्टोबरला जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर श्रेणी ५ म्हणून आली, त्या बेटावर आलेलं आजवरचं सगळ्यात जोरदार वादळ.

भटक्या_जीव

सगळं वाचलं. मग माझ्या कॅन्कूनचं काय ठरलं?

टँपाकर

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे शक्यता बरीच खाली आलेली असते, मी गेलो असतो. पण तीन गोष्टी. ट्रॅव्हल इन्शुरन्स आजच घ्या, कारण वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर काढलेल्या पॉलिसीत ते वादळ बहुधा धरत नाहीत. तिकीट बदलता येईल असं घ्या. आणि निघायच्या आधी आठवडाभर रोज सकाळी हरिकेन सेंटरचा नकाशा, होंडुरासच्या वरचा कोपरा. तो कोपरा स्वच्छ असेल तर आफ्रिकेकडे काय वाट्टेल ते असो.

अगदीच धाकधूक असेल तर अरुबा-कुरासाओला जा, ती बेटं इतकी दक्षिणेला आहेत की वादळं सहसा त्यांच्या वरून निघून जातात. महाग पडेल पण.

भटक्या_जीव

बायको म्हणते अरुबा. मित्र म्हणतात कॅन्कून. पोल घेतोय, निकाल कळवतो.

शंकासूर

लिहून ठेवा, वहिनी जिंकणार.